रात्रीचा मंगळ

अलेक्झांड्रियातल्या अम्मोनास ज्योतिषाने लेकीसाठी आलेल्या स्थळाची, सोतास तांबटाची, पत्रिका मांडली आणि कपाळाला हात लावला.

"तैसिस, या पोराच्या सातव्या घरात मंगळ, तोही स्वतःच्या मेषेत! नवरा नाही गं, निखारा आहे निखारा!"

तैसिसला सकाळपासून कशाचंही हसू फुटत होतं. "पण बाबा, जन्म रात्रीचा ना त्याचा? तुम्हीच शिष्यांकडून घोकून घेता, मंगळ दिवसा भाजतो, रात्रीच्या गारव्यात निवतो."

"बरं, मग?"

"मग दिवसभर तापू दे की भट्टीपाशी, ठोकू दे भांडी! घरी यायचा तो अंधार पडल्यावर. आणि तेव्हा इतका गरीब असतो म्हणून सांगू, अगदी मांजराचं पिल्लू!"

अम्मोनासच्या हातातला बिअरचा प्याला ओठांपाशीच थांबला. "असतो? तुला गं काय ठाऊक?"

तैसिसने शालीत तोंड खुपसलं. मसूर निवडता निवडता आईला हसू आवरेना. "अहो, मंगळाचं राहू द्या आता. मुहूर्त तेवढा जवळचा काढा!"