जागत्या राणीचा सूर

पहिल्यांदा मी मेले ती पायऱ्यांवरून पडून. शत्रू अजून आलाच नव्हता. पडद्यावर लाल अक्षरांत ‘तुझा अंत झाला’ असं उमटलं आणि मागे कुणीतरी भलीमोठी घंटा वाजवली, जणू राजघराण्यातलंच कुणी गेलं होतं. दुसऱ्यांदा मेले ती एका कुत्र्यामुळे. तिसऱ्यांदाही तोच. चौथ्यांदा त्याला चकवून दारापर्यंत पोचले, तर दाराआड त्याचा भाऊ.

‘काजळमुकुट’ हा व्हिडिओ खेळ असा आहे, आणि लोक तो डोक्यावर घेऊन नाचताहेत. एक राज्य जळून खाक झालंय. त्याला हजार वर्षं लोटली, तरी कुणी केरसुणी म्हणून फिरवलेली नाही. भिंतींवरच्या मेणबत्त्या मात्र सगळ्या पेटलेल्या. त्या कोण लावतं, हे विचारायचं नाही. वाटेत भेटणारा प्रत्येक म्हातारा अर्धं वाक्य बोलतो आणि खोकतो. आपल्याला हवी असते किल्ली, आणि तो सांगतो, ‘सावलीलाही तहान लागते.’ लागत असेल बाबा. किल्ली कुठंय?

बरं, ज्यांनी विकत घेतला ते तरी रागावतील, तर तेही नाही. इंटरनेटवर त्यांचे अभिप्राय वाचून मी थक्क झाले. ‘आठवडा झाला, अजून पहिल्या पुलावरच आहे. अप्रतिम.’ ‘या खेळानं मला नम्र केलं.’ घरच्यांनी नम्र व्हायला सांगितलं असतं, तर याच माणसानं दार आपटलं असतं. एकानं तर लिहिलं होतं, ‘ज्यांना हा खेळ अवघड वाटतो, त्यांनी बाहुल्या खेळाव्यात.’ हा गृहस्थ स्वतः कुठवर पोचला होता म्हणाल, तर कुत्र्याच्या भावापर्यंत.

हे सगळं मी वाचत होते, कारण मला एकच माहिती हवी होती. चौथ्या बुरुजावर एक राणी आहे. तिथवर कुणी पोचलंय का? पोचला असेल तर तिचा आवाज त्याला कसा वाटला?

कारण ती राणी मी आहे.

तुम्ही गॅसवाल्यांना, वीजवाल्यांना, विमेवाल्यांना फोन लावलात की ‘आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई असते ना, ती मीच. माझ्या आवाजावर आजवर लोकांनी काय काय शिव्या हासडल्या असतील, देव जाणे. माझं घरही काही वेगळं नाही. नवरा मला म्हणतो, ‘तू बोललीस की मला रांगेत उभं असल्यासारखं वाटतं.’ एवढ्या वर्षांत माझं काम कुणी मुद्दाम ऐकलं, असं झालं नाही. ते ऐकून घ्यावं लागतं, एवढंच. त्यामुळे हा खेळ आपल्या भाषेत येणार आणि त्यातल्या जागत्या राणीला आवाज हवाय, असा निरोप आला, तेव्हा मी साडी बदलून गेले. आवाजाला साडी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

स्टुडिओची खोली म्हणजे चारी भिंतींना स्पंज लावलेलं कपाट. काचेपलीकडे एक दाढीवाला दिग्दर्शक. हातात दिलेल्या कागदावर वाक्य होतं, ‘हे मर्त्य मानवा, तुझा विनाश समीप आला आहे.’

‘असं कोण बोलतं?’ मी विचारलं.

‘राणी,’ तो म्हणाला.

मी बोलले. तो म्हणाला, ‘तुच्छता कमी पडतेय.’ मी पुन्हा बोलले. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही त्याला मारताय की बिल भरायची आठवण करून देताय?’ शेवटी त्यानं कागद बाजूला ठेवायला लावला. ‘तुमच्याच शब्दांत बोला. समोरचा पुन्हा पुन्हा तीच चूक करतोय, आणि तुम्ही हजार वर्षं झोपलेल्या नाहीत.’

मी डोळे मिटले, आणि मला वन्संची गाडी दिसली.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वाहन परवान्याच्या कार्यालयात त्या परीक्षक होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी नापास केलेली माणसं अजून त्यांना पाहून रस्ता ओलांडतात, तेही दोन्हीकडे नीट बघून. लग्नानंतर मला गाडी त्यांनी शिकवली. ओरडल्या कधीच नाहीत. ओरडल्या असत्या तर मी निदान भांडून मोकळी झाले असते. त्या शांतपणे खिडकीबाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, ‘झालं?’

मी मायक्रोफोनसमोर म्हणाले, ‘झालं?’

काचेपलीकडे दाढी ताठ झाली. मग मी थांबलेच नाही. ‘हाताच्या आधी डोळे वापरावेत, असं कुणी सांगितलं नाही का?’ ‘घाई कुठली आहे? पोचणार तर नाहीच आहेस.’ ‘उतर. आणि आता चालत ये.’ लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सून बोलत होती, आणि लागणार होतं सगळ्या जगाला. दाढीवाला खूश. जाताना त्यानं खेळाची एक प्रत भेट दिली आणि म्हणाला, ‘मॅडम, लोक तुमचा द्वेष करतील.’ इतकी गोड गोष्ट मला बऱ्याच दिवसांत कुणी सांगितली नव्हती.

आता द्वेष करायला कुणीतरी राणीपर्यंत पोचायला तर हवं. माझी मजल कुत्र्यापर्यंत. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या, मला म्हणाला, ‘सरक, हे बोटांचं काम आहे.’ पायऱ्यांवरून पडला आणि म्हणाला, ‘बटणं घट्ट आहेत.’ नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी एकदाचा इंटरनेटवर एक पठ्ठ्या सापडला, ज्यानं राणीला हरवलं होतं. मी चष्मा पुसून वाचायला बसले. त्यानं लिहिलं होतं: ‘राणी फार बोलते. आवाज बंद करून खेळा, सोपं जातं.’

त्या दिवशी मी भाजी करपवली.

नवऱ्याला दया आली असावी. त्यानं मला न विचारता वन्संना फोन केला. कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात असले खेळ खरोखर जमतात ते एकट्या त्यांनाच. त्यांची लेक लग्न होऊन गेली तेव्हा टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा मागेच ठेवून गेली. त्यात वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि बसल्या बसल्या कुणाला तरी नापास करण्याची ही सोय त्यांना भलतीच मानवली.

‘ताई येतेय रविवारी,’ नवरा म्हणाला. ‘ती पोचवेल तुला राणीपर्यंत. ऐक मग पोटभर.’

ज्यांचा सूर उचलला, त्यांनाच तो ऐकवायला घरी बोलावलं होतं. मी वन्संना फोन करून सांगितलं, ‘वन्सं, खेळ अगदी टुकार आहे हो. उगाच कशाला गुडघ्याला त्रास.’

‘टुकार आहे की नाही, ते मी ठरवेन,’ त्या म्हणाल्या.

आल्या त्या खेळाची बटणं असलेला स्वतःचा कंट्रोलर पिशवीत घालून. पायऱ्या उतरल्या, पडल्या नाहीत. कुत्र्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या आणि त्याला चावू दिलं. मेल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा उभ्या.

‘ताई, मार की त्याला,’ नवरा म्हणाला.

‘आधी तो कसा चालतो ते बघू दे. उडी मारायच्या आधी मान उजवीकडे नेतो. शिकवलंय कुणी याला?’ आणि पुढच्या खेपेला त्याची मान उजवीकडे गेली तेव्हा वन्सं डावीकडे होत्या. कुत्रा संपला, भाऊही संपला. पुलावरच्या लोखंडी राक्षसाला बघून म्हणाल्या, ‘हा वळताना मागे बघत नाही. नापास.’ ज्या पुलावर लोक नम्र होत बसले होते, तो त्यांनी चहा निवायच्या आत ओलांडला.

रविवार गेले तसे बुरुज गेले. वन्संचं मत काही बदललं नाही. ‘एवढा मोठा किल्ला,’ त्या म्हणायच्या, ‘आणि एका जिन्याला कठडा नाही. ही माणसं शत्रूनं मारलेली नाहीत, घसरून गेलीत.’ मी हसायचे आणि आतून आकसायचे. मला माझा आवाज ऐकायचा होता, आणि त्यांना तो ऐकू यायला नको होता. हे दोन्ही एकाच खोलीत कसं जमावं?

ज्या दुपारी चौथ्या बुरुजाचं दार उघडलं, त्या दुपारी मी स्वयंपाकघरात पळाले. स्वच्छ कपबश्या पुन्हा विसळायला घेतल्या. बाहेर तलवारींचा खणखणाट झाला, घंटा वाजली, आणि मग वन्सं नवऱ्याला बोलल्या, ‘हाताच्या आधी डोळे वापरावेत, असं कुणी सांगितलं नाही का?’

यानं काय केलं आता, असं मनात म्हणत मी बाहेर आले. नवरा सोफ्यावर गप्प बसलेला. वन्संचे ओठ घट्ट मिटलेले. पडद्यावर सहा हातांची, काळ्या मुकुटाची बाई उभी होती, आणि बोलत ती होती. माझाच आवाज मला ओळखू आला नव्हता. दाढीवाला हे ऐकायला हवा होता. आणि वन्सं नको होत्या.

वन्सं पुन्हा आत गेल्या. ढाल वर घेतली नाही. सहा तलवारी एकदम कोसळल्या. राणी म्हणाली, ‘रडू नकोस. चिलखत गंजेल.’

‘ताई,’ नवरा हसत सुटला, ‘ही तर डिट्टो तुझ्यासारखी बोलते गं.’ मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं.

वन्सं पडद्याकडेच बघत होत्या. ‘मी काच म्हणाले होते,’ त्या म्हणाल्या. ‘रडू नकोस, काच धुरकट होईल.’

‘गाडी नाही ना खेळात,’ मी म्हणाले. ‘म्हणून चिलखत.’

‘सगळंच माझं आहे?’

‘काही शब्द माझे आहेत. सूर तुमचा.’

त्या पुन्हा गेल्या, पुन्हा मेल्या. जी बाई कुत्र्याकडून दोनदाच मेली, ती राणीकडून मरत राहिली, एकेक वाक्य शेवटपर्यंत ऐकत. नवरा काहीतरी आणायचं निमित्त करून खाली गेला. हा नेहमी योग्य वेळी निघून जातो; एवढा एक गुण आहे.

‘“झालं” चुकलंय,’ वन्सं म्हणाल्या. ‘ही विचारते आणि लगेच पुढचं बोलते. मी थांबते. समोरच्याला उत्तर देता यावं म्हणून.’

‘मीही थांबले होते. त्यांनी कापलं असणार.’

‘गाढव आहेत.’ मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘तुला मी अशी ऐकू यायचे?’

खोटं बोलायला जागा होती. फोनवर तर मी दिवसभर तेच करते. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणते, आणि तो कुणाला काडीइतकाही महत्त्वाचा नसतो. पण समोर परीक्षक बसल्या होत्या.

‘गाडीत ऐकू यायच्या,’ मी म्हणाले. ‘गाडीतून उतरलं की नाही. पण गाडीत, हो. अशाच. मी रोज घरी येऊन ठरवायचे, उद्या जायचं नाही.’

‘आणि यायचीस.’

‘तुम्ही खाली येऊन थांबलेल्या असायच्या ना.’

त्यांनी गुडघा चोळला. ‘मला वाटायचं, तुला कळतंय,’ त्या म्हणाल्या. ‘जे जमण्यातले नसायचे, त्यांच्याशी मी गोड बोलायचे. अर्ज द्यायचे हातात, पुन्हा या म्हणायचे. त्यांच्यावर शब्द कोण खर्च करणार.’

‘हे तेव्हा सांगितलं असतं तर?’

‘तेव्हा तू क्लच बघत होतीस.’

पडद्यावर राणी वाट बघत होती. वन्संना तिची खोड कधीच कळली होती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. एकदा ढाल, दोनदा तलवार, खेळ खलास. त्यांनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

‘मी हिच्यावर हात उचलणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘स्वतःलाच कोण मारून घेणार? तू मार. तुझं जुनं येणं आहे.’

‘मला कुत्रा जमत नाही, वन्सं.’

‘कुत्रा मागे राहिला. पुढे बघ.’

मी गेले. पहिल्याच पावलाला सहा हात अंगावर आले आणि मी बटणं सोडून कंट्रोलरच उचलून डोकं झाकलं. घंटा वाजली. वन्संनी तोंड उघडलं. तेवढ्यात राणी म्हणाली, ‘घाई कुठली आहे? पोचणार तर नाहीच आहेस.’ वन्संनी तोंड मिटलं.

पुन्हा गेले. या वेळी एक वार चुकवला, चुकून. दुसऱ्यानं मेले. वन्संनी श्वास घेतला, आणि राणीनं पुन्हा त्यांचं वाक्य त्यांच्या आधी बोलून टाकलं. असं तीन-चारदा झालं. वन्सं अस्वस्थ व्हायला लागल्या. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं आणि त्यांच्यापाशी होतं ते सगळं मी आधीच त्या सहा हातांच्या बाईला देऊन बसले होते. उरलेले शब्द त्यांनी कधी वापरलेच नसावेत. कुठे ठेवलेत, ते शोधत असल्यासारख्या त्या समोर बघत राहिल्या.

पुढच्या खेपेला मला राणीचा डावा खांदा हलताना दिसला. खरंच दिसला. मी बाजूला झाले, एक वार केला, तो लागला, आणि इतका आनंद झाला की तो साजरा करत असतानाच मेले.

राणी जे बोलायचं ते बोलली. मग, तिचं बोलून संपल्यावर, वन्सं अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. पडद्यावरची घंटा अजून घुमत होती, तिच्यात ते बुडून गेलं.

‘काय म्हणालात?’

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

‘बरं होतं, म्हटलं,’ त्या म्हणाल्या. ‘जा आता. ती उभी आहे.’