दंतवैद्याची न उडालेली विमानं

डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेलो तो सुजलेला गाल घेऊन. मी एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचो, ते दात काढायचे. भूल चढेपर्यंत समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत बसलो. कवळ्यांच्या साच्यांशेजारी तळहाताएवढं एक करडं विमान होतं. महायुद्धातलं जर्मन बाँबफेकी विमान, एवढं मी ओळखलं. पण पंख मागे जायच्या ऐवजी पुढे झुकलेले आणि इंजिनं थेट पोटाखाली.

"हे असं नव्हतं," मी बधिर तोंडानं कसंबसं म्हणालो.

"नव्हतंच. पण होऊ शकलं असतं. आ करा."

माझी दाढ तिथेच राहिली आणि पुढची एकोणीस वर्षं माझे रविवारही.

घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना होता. रविवारी दुपारी अवजारांचा ट्रे पुसून आम्ही त्यावर विकतच्या मॉडेल-विमानांच्या डब्यांतले प्लास्टिकचे सुटे भाग मांडायचो. डब्यावरच्या चित्रासारखं विमान मात्र कधीच करायचं नाही. युद्धाच्या अखेरीस जर्मन आरेखकांनी नाना तऱ्हेची विमानं आखली होती. बरीचशी कागदावरच राहिली. त्यातलं एखादं निवडायचं आणि दोन डब्यांतली विमानं कापून ते तिसरं जुळवायचं. मी आराखडा काढायचो, डॉक्टर कापायचे. दात कोरायच्या यंत्रानं ते प्लास्टिक असं अलगद तासायचे की बघत राहावं. फटी बुजवायला कवळीचं गुलाबी मिश्रण. रंग लागेपर्यंत विमानाला हिरड्या फुटल्यासारख्या दिसायच्या. चहा आणताना वहिनी विचारायच्या, "आज कुणाची कवळी?"

मी अर्ध्या मिलिमीटरवरून हुज्जत घालायचो म्हणून डॉक्टरांनी माझं नाव फूटपट्टी ठेवलं.

शेपटीवर नाझींचं चिन्ह लावायचं नाही आणि पंखाखाली बाँब टांगायचे नाहीत, हा त्यांचा नियम. "जी उडाली त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणायचे. "ही उडालीच नाहीत. यांच्या हातून कुणी मेलेलं नाही."

मग एका रविवारी पंखाच्या मुळाशी त्यांची करवत सरकली. "पातं बोथट झालंय," ते म्हणाले. मी नवं पातं लावून दिलं. पुढच्या रविवारी तेही सरकलं. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की बोलताना ते उजवा हात मांडीखाली दाबून बसतात. महिन्याभरात दवाखान्याची पाटी उतरली आणि त्यांचा फोन आला.

"फूटपट्टी, रविवारी येऊ नकोस. जरा आराम म्हणतोय."

मी जायला हवं होतं. पण सांगितलं ते ऐकलं, अडीच महिने. रविवार अंगावर यायचा. दुपारभर पेन्सिलींना टोकं काढत बसायचो.

शेवटी वहिनींनीच बोलावलं. "भावजी, तुमचा नकाशा मला उलगडत नाही. या."

गेलो तर डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आणि वहिनी ट्रेसमोर, नाकावर चष्मा, हातात करवत. वहिनी शिवणकाम शिकवायच्या. आखून कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी अर्धवट राहिलेल्या विमानाचे दोन्ही पंख कापून चिकटवूनही टाकले होते. कडा सुरीनं कापलेल्या लोण्यासारख्या. फक्त कापडावर खुणा उलट्या बाजूनं करतात, तशा त्यांनी इथेही केल्या होत्या. त्यामुळे टोकांकडे वर जायचे ते पंख खाली कलले होते.

मी खिशातली पट्टी काढून पंखाच्या टोकाला लावली.

"चुकलं ना?" वहिनी म्हणाल्या. "सांगा की. माझ्या हातात करवत आहे म्हणून भ्यायला नको."

डॉक्टरांनी विमान मागून घेतलं. हात थरथरत होता, विमानही. पण आज त्यांनी तो लपवला नाही. विमान फिरवून त्यांनी दोन्ही पंख पाहिले.

"फूटपट्टी, त्या आरेखकांत असं कुणी आखलं होतं का रे?"

"माझ्या पाहण्यात नाही."

"मग हे हिचं," ते म्हणाले आणि हसायला लागले. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वहिनी आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

त्यानंतर डॉक्टर सांगायचे, मी आखायचो, वहिनी कापायच्या. दीड वर्षात आम्ही तिघांनी तीन विमानं केली. शेवटच्याला करड्या रंगाचा नुसता पहिला हात दिला होता, तेवढ्यात डॉक्टर गेले. त्याचा दुसरा हात वहिनींनी एकटीनं दिला.

पुढच्या वर्षी वहिनी आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. कपाटातली विमानं मॉडेल करणाऱ्यांच्या एका मंडळानं नेली. हे शेवटचं मात्र वहिनींनी चिंध्यांत गुंडाळून कात्र्यांच्या डब्यात घातलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला.

"भावजी, वाटेत शेपूट निघालं. काय लावू?"

मी कुठला गोंद ते सांगितलं. म्हटलं, "थांबा, मी येतो ना शनिवारी."

"नको, मी लावते. तुम्ही फक्त फोन ठेवू नका."

पलीकडे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. वाळायला किती वेळ लागतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.