ओळ गिळणारं भूत

हे लिहिणारच नव्हतो. कारण यात भुतापेक्षा मीच जास्त तोंडघशी पडलोय.

छापखान्यातली कॉम्प्युटरची खोली. मुंगी शिरायला जागा नाही! बायंडर, पॅकिंगवाल्या मावशी, मालक, सगळे चष्मीच्या खुर्चीमागे. चष्मी माझी मैत्रीण. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून छपाईच्या फायली मशीनला तीच पाठवते. पण सकाळपासून लांब कमांड टाइप केली की ओळ खाली उतरेचना. उलटी डावीकडे यायची आणि स्वतःचीच सुरुवात गिळायची. प्रत्येक कमांडच्या आधी दिसणारं चष्मीचं लाल नावसुद्धा गायब!

"रक्त पितंय गं ते," मावशी कुजबुजल्या.

मालकांनी लोलकवाले काका बोलावले, दोऱ्याला टांगलेला लोलक फिरवून भुतं शोधणारे. काकांनी स्क्रीनसमोर लोलक फिरवला. "आत्मा चिडलाय. लांबण त्याला खपत नाही. दोनच शब्द लिही, बेटा."

चष्मीने लिहिले. ओळ शाबूत! टाळ्याच टाळ्या.

"आणि ही मुलगी इथे नको," काका पुढे म्हणाले. " तिच्याच हातून आलाय तो."

"उद्यापासून तू पॅकिंगला," मालक म्हणाले. चष्मीचा चेहरा उतरला. तीन वर्षं घासून मिळवलेली खुर्ची होती ती.

मी पुढे घुसलो. खिडकी अरुंद केली, भूत लवकर आलं. रुंद केली, उशिरा आलं.

"काका, तुमचा आत्मा फूटपट्टी घेऊन बसलाय का?"

हशा पिकला. आणि माझी नजर ओळीच्या सुरुवातीला गेली. लाल नाव! काल मीच गंमत म्हणून, तिला न विचारता, नेटवरून उचललेला कोडचा तुकडा टाकून ते रंगवलं होतं.

"थांबा! भूत मीच आहे!"

मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

मी रंग काढला. लांबलचक कमांड गपगुमान खाली उतरली.

"लोलकाचा गुण!" काका म्हणाले.

रंग परत घातला. ओळ परत गिळली. "फिरवा आता."

काकांनी फिरवला. फिरवतच राहिले.

"हात दुखेल हो," मावशी म्हणाल्या.

गोष्ट साधी आहे. रंगाच्या खुणा आपल्याला दिसत नाहीत, पण कॉम्प्युटर त्याही अक्षरं म्हणून मोजतो. मग ओळ कुठे संपते हेच त्याला चुकीचं कळतं आणि तो त्याच ओळीवर परत लिहितो. दोन शब्दांत ओळ खिडकीच्या कडेपर्यंत पोचतच नाही, म्हणून काकांचा चमत्कार! त्या खुणांभोवती 'हे मोजू नको' सांगणारे कंस घातले. रंग राहिला, भूत गेलं.

विचित्र काही दिसलं तर आधी एकच गोष्ट बदलून बघा, मग परत तशीच करून बघा. माणसाला खुर्चीवरून उठवायची घाई कशाला?

"बस गं तू तिथेच," मालक पुटपुटले.

चष्मी माझ्याकडे वळली. "तुझ्या गमतीपायी मी खोकी बांधत बसले असते रे!"

"शब्द देतो. विचारल्याशिवाय तुझ्या मशीनला बोट लावणार नाही. आणि काही बिघडवलंच, तर तुझ्यावर आळ यायच्या आत सगळ्यांसमोर कबूल करीन."