शेगडीजवळची पेटी

शुक्रवारी डूगल आपली माणसं घेऊन चढ संपवून वर आला तेव्हा कॉरली खोपीच्या दारात उभी होती. पहिल्या माणसाला पाहताच तिने जे नाक मुरडलं, ते शनिवार संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

पाच जण होते. अंगातले रेनकोट दुकानातल्या घड्यांसकट, बूट इतके कोरे की चिखलालाच संकोच व्हावा. मोबाइल खाली रस्त्यावर, डूगलच्या गाडीत. त्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने एक लाकडी डबा बनवला होता, त्याला पितळी कुलूपही लावलं होतं. पण सवय कुठे कुलपात राहते? बाकावर टेकल्या टेकल्या पाचही जणांचे अंगठे हवेत वरखाली सरकू लागले. मेंढ्यांचा कळप रवंथ करतो तसं ते दृश्य कॉरली बघत राहिली.

डूगल तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षं न्यूझीलंडातल्या ग्रेमाउथ शहरात एका दुकानात त्याने मोबाइल विकले. ज्याला गरज नाही त्याला एक आणि ज्याच्याकडे आहे त्याला दुसरा, असे विकले. मग एके दिवशी साहेबांना साक्षात्कार झाला. स्क्रीन वाईट, डोंगर चांगले, हाताने काहीतरी घडवावं, म्हणजे माणूस माणसात येतो. नोकरी सोडली, दाढी वाढवली आणि शहरातल्या थकल्याभागल्यांना शनिवार-रविवार रानात नेऊन चमचे नि तिवया करायला लावायचा धंदा सुरू केला. आजार पसरवला ह्यानेच, आणि आता औषधाची बाटली घेऊन दारोदार फिरणाराही हाच, असं कॉरली सगळ्या होकिटिका गावाला सांगत सुटली होती.

पण धंद्याला जागा लागते. वेका ओढ्याकाठची ही खोपी गावातल्या ट्रेकिंग क्लबची. ती बांधताना कॉरली-डूगलच्या वडिलांनी पाठीवरून पत्रे वाहून आणले होते आणि गेली कित्येक वर्षं तिची देखभाल कॉरली करत होती. डूगलने पुढचा सगळा हंगाम खोपी मागितली, तेव्हा क्लबवाले म्हणाले, कॉरलीने एकदा सोबत जावं, बघावं. ती म्हणेल तसं. म्हणजे डूगलचं पुढचं सगळं तिच्या एका शब्दावर आलं. ती नाही म्हणाली, तर तो परत दुकानाच्या काउंटरमागे.

कॉरलीचं 'नाही' घरून निघतानाच ठरलेलं होतं. फक्त कारण हवं होतं. 'मला ही माणसं बघवत नाहीत' हे कारण क्लबने मानलं नसतं.

शनिवारी उजाडताच पाऊस लागला. मे महिना, हिवाळा दाराशी आलेला, वरच्या कड्यावर बर्फाची रेघ. डूगलचा बेत होता की रानात पडलेलं बीच झाडाचं ओलं लाकूड आणायचं आणि त्यातून कोरायचं. पण पाऊस बघून शहरी मंडळींची तोंडं उतरली. मग ह्या दीडशहाण्याने काय करावं? खोपीमागचं सरपणाचं कोठार उघडलं आणि तिथलं मानुका झाडाचं वाळलेलं लाकूड आत आणून ठेवलं.

"लाकडाला हात लावून बघा," तो म्हणाला. आवाजात अगदी कीर्तन. "घाई नको. लाकूड बोलतं. ऐका त्याचं."

"काय म्हणतंय?" नेव्हिलने विचारलं. नेव्हिल ऑकलंडच्या एका विमा कंपनीतला बडा माणूस, पोट पुढे, चष्मा दोरीला.

"म्हणतंय, मला सरपणातच राहू दे," कॉरली कोपऱ्यातून म्हणाली.

सगळे हसले. डूगलही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चमचा कोरावा ओल्या लाकडातून, हे न्यूझीलंडात शेंबड्या पोरालाही कळतं. वाळलेला मानुका म्हणजे लोखंड. दुपारपर्यंत तीन अंगठे कापले, एक सुरी मोडली आणि मलमपट्टीचा डबा निम्मा झाला. जाड ओंडक्यांच्या फळ्यांना भोकं पाडून त्यात तीन-तीन पाय ठोकले, त्या झाल्या तिवया. एकेक तिवई अशी, की कुत्र्यानेही वास घेऊन पुढे जावं. भिंतीशी मात्र एक देखणी तिवई होती. ती डूगलने नमुना म्हणून घरून पाठीवर आणली होती, बीचची, महिनाभर घासूनपुसून केलेली. तिच्याकडे बघत बाकीचे आपापली लाकडं छळत होते.

"हे बघा!" नेव्हिलने हात उंचावला. "चमचा झाला!"

"अच्छा, चमचा होय," कॉरली म्हणाली. "मला वाटलं, बूट चढवायचं काहीतरी आहे."

"तुम्ही नाही करणार एखादा?"

"माझ्याकडे घरी आहेत. दुकानातले. त्यांनी सूप पिता येतं."

"कॉरली," डूगल दात आवळून पुटपुटला, "एक दिवस. एकच दिवस तोंड आवर ना."

"मी कुठे काय म्हणते? बघायला पाठवलंय, बघतेय."

आणि ती खरंच बघत होती. खोपीतल्या लोखंडी, दाराच्या शेगडीजवळ लाकडी पेटी असते. तिच्यात बोटभर जाडीच्या, कोरड्याठाक ढलप्या भरून ठेवलेल्या असतात. आमच्या डोंगरात एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात: आलात की पेटीतल्या ढलप्यांनी शेगडी पेटवा, जाण्याआधी पेटी भरून ठेवा. भिजून, बोटं बधिर होऊन जो दारात येतो, त्याच्याने कुऱ्हाड चालत नाही. त्याला आधी जाळ लागतो. वडील खोपी सोडताना झाकण उघडून आत बघत, मगच पिशवी उचलत.

शुक्रवारी ह्या मंडळींनी शेगडीचं दार उघडं टाकून, नुसत्या ज्वाळा बघायला म्हणून, अर्धी पेटी जाळली. शनिवारी उरलेल्या ढलप्यांचे चमचे करायला घेतले. दुपारी बाकीचे खाण्यात गुंतलेले असताना कॉरलीने झाकण उचललं. तळाशी चार-पाच ढलप्या. ती मागे जाऊन कोठारही बघून आली. वाळलेलं सगळं तिवयांत गेलं होतं. उरले होते ते गेल्याच महिन्यात कापलेले, न फोडलेले, पाण्याने जड झालेले ओंडके.

तिने परत येऊन झाकण हळूच लावलं. मनातून तिला उकळ्या फुटत होत्या. आयतं कोलीत हाती आलं होतं! क्लबात म्हणायचं वाक्यसुद्धा तिथल्या तिथे तयार झालं: ज्यांना पेटी भरायची अक्कल नाही, त्यांच्या हाती खोपी देता येणार नाही. एवढं म्हटलं की कोण बोलणार? डूगलला आताच सांगितलं असतं, तर त्याने दोघांना कामाला लावून तासाभरात पेटी भरली असती. मग वाक्य वाया गेलं असतं.

जेवण झाल्यावर डूगलने सगळ्यांना ओढ्याकाठी नेलं. पावसात, न बोलता, पाण्याचा आवाज ऐकायला. ह्या खुळेपणालाही लोक तयार होतात! कॉरली मागे राहिली. थर्मासमध्ये चहा होता, अंगात लोकरीचं जाड जाकीट. शेगडीत निखारे होते, एखादी बिघडलेली फळी टाकली असती तर जाळ राहिला असता. ती पाय पसरून बसली आणि निखारे काळे पडताना बघत राहिली. विझू दे, तिने मनाशी म्हटलं. येतील गारठून. साहेब झाकण उघडतील. तेव्हाचं तोंड मला बघायचंय.

ते तोंड तिला बघायला मिळालं.

दार धाडकन उघडलं. डूगल आणि आणखी एकजण नेव्हिलला दोन्ही बगलांत धरून ओढत आत आले. ओढा चढला होता, दगडावरून पाय सुटला आणि नेव्हिल गळ्यापर्यंत पाण्यात गेला होता. त्याला बाहेर काढायला वेळ लागला, परत चालायला त्याहून जास्त.

"सगळ्या वाटेने थडथडत होता," डूगल धापा टाकत म्हणाला. "आता थांबलाय. बरं वाटतंय बहुतेक त्याला."

कॉरली ताडकन उठली. थडथडणं थांबणं म्हणजे बरं वाटणं नव्हे, अंगातली धग संपत आल्याची ती खूण. नेव्हिलचे ओठ काळेनिळे दिसत होते.

"मीटिंग कितीला आहे?" त्याने तिला शांतपणे विचारलं.

"कपडे काढा ह्याचे! सगळे! माझी झोपायची पिशवी घ्या!" ती ओरडली. ढग छपराला टेकले होते, हेलिकॉप्टर बोलावूनही आलं नसतं. कुणीतरी गॅसवर गरम चॉकलेटी मायलो केला, पण नेव्हिलचा जबडाच मिटेना, सगळा हनुवटीवरून ओघळला.

"शेगडी विझली कशी?" डूगलने झाकण उघडलं. पेटी रिकामी. तळाच्या त्या चार-पाच ढलप्याही नाहीत. तो कोठाराकडे धावला आणि तसाच परत आला. "सकाळचा भुसा? छिललेलं सगळं कुठाय?"

"मी झाडून बाहेर टाकलं," चष्मेवाली एक बाई रडवेली होऊन म्हणाली. "पसारा झाला होता हो."

डूगलचं तोंड पांढरंफटक पडलं. हेच तोंड बघायला कॉरली बसली होती. आता बघायला तिला सवड नव्हती.

तिने कुऱ्हाड उचलली आणि जवळची तिवई आडवी केली. ती नेव्हिलचीच होती. एका घावात बसायची फळी दुभंगली. "चमचे आणा! सगळे!" एकदोघांनी क्षणभर आपापले चमचे छातीशी धरले, मग मुकाट पुढे केले. पण जाड लाकूड पेट घेईना. तेव्हा डूगलने भिंतीजवळची आपली नमुन्याची तिवई घेतली, तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि बारीक बारीक चिरत सुटला. तेलपाणी केलेलं कोरडं बीच. काडी लागताच भडकलं. चमचे म्हणून जे नालायक होते ते जळण म्हणून पहिल्या नंबरचे निघाले. एकामागून एक सगळ्या तिवया गेल्या आणि खोपीत ऊब भरली.

बऱ्याच वेळाने नेव्हिल पुन्हा थडथडायला लागला. कॉरलीने डोळे मिटून श्वास सोडला.

"माझा चमचा कुठाय?" नेव्हिल म्हणाला.

सकाळी पाऊस थांबला होता. नेव्हिल झोपायच्या पिशवीत गुरफटून मायलो पीत होता, बाकीचे खाली मान घालून सॉसेज खात होते. डूगल उभा राहिला.

"क्लबला मीच सांगतो," तो कॉरलीला म्हणाला. "पेटी रिकामी केली ती माझ्या लोकांनी, म्हणजे मीच. बाबांच्या खोपीत. तुला काही बोलायची गरज नाही. उद्या दुकानात फोन करून बघतो, घेतात का परत."

तिचं ठेवणीतलं वाक्य त्यानेच म्हणून टाकलं होतं. तिने काट्याने सॉसेज उगाच फिरवलं.

"पण आंटी," हिनेवाई म्हणाली. ती पाचांतलीच, पोरिरुआ गावची तरुण शाळामास्तरीण, काल शेगडीच्या बाजूला बसून निमूट कोरत होती. आवाजात कसलाही डंख नव्हता. "काल दुपारी तुम्ही झाकण उघडून बघितलं होतं ना? मी तिथेच होते. तुम्ही बघितलंत, बाहेर जाऊन आलात आणि काही न बोलता झाकण लावलंत. म्हटलं, खोपी ह्यांची, ह्यांना माहीतच असणार. चालत असेल. म्हणून शेवटच्या ढलप्या मी घेतल्या."



"तू बघितलं होतंस?" डूगलने विचारलं.

"हो."

"आणि शेगडी?"

"विझू दिली."

"का?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती. डुलकी लागली, लक्ष गेलं नाही, वाटलं तुला ठाऊक असेल. नेव्हिल मायलोचा कप दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत होता, विद्यार्थ्यासारखा, उत्तर समजून घ्यायला.

"तुझी फजिती बघायची होती," कॉरली म्हणाली.

डूगल कुऱ्हाड घेऊन मागे गेला. बराच वेळ घावांचा आवाज येत राहिला. तो ओले ओंडके मधोमध फोडून आतला त्यातल्या त्यात कोरडा गाभा काढत होता. कॉरली गेली आणि पडलेल्या ढलप्या वेचू लागली. दोन्ही हातांची मिठी भरली तेव्हा ती उठली.

"क्लबला मी सगळं सांगीन," ती म्हणाली. "माझंसुद्धा. आणि हंगामाला माझी हरकत नाही, हेही."

"सांग," तो म्हणाला.

ती खोपीकडे वळली. दोन पावलांतच डूगल आडवा आला. त्याने तिच्या मिठीतल्या ढलप्या आपल्याकडे घेतल्या, एकही खाली न पाडता, अगदी सावकाश.

"पेटी मी भरतो," तो म्हणाला. "ती तुझ्यावर नाही सोडायची."

तो आत गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज तिने बाहेरून ऐकला.