नखाची खाच

बाबांनी तिसरा चाकूही न उघडताच काउंटरवर ठेवला.

“मूठ निसरडी आहे,” ते म्हणाले. पहिल्याची मूठ जाड होती, दुसरा खिशाला जड होता. स्थळ बघायला आलेली माणसंही इतके दोष काढत नसतील.

माझे वडील, नरहरगुरुजी, दूधविनायक मोहल्ल्यात राहून बेचाळीस वर्षं अहिल्याबाई घाटावर श्राद्धं करत आले. पवित्रकासाठी, म्हणजे बोटात घालायच्या दर्भाच्या अंगठीसाठी, दर्भ नखाने तोडत नाहीत, म्हणून घडीचा चाकू कायम त्यांच्या कुडत्याच्या खिशात. त्यानेच नारळाची शेंडी निघायची, सामानाच्या गाठी सुटायच्या आणि घरी आल्यावर माझा पेरू कापला जायचा. तो चाकू महिन्याभरापासून जाम झालाय, असं ते सांगत होते.

पितृपक्ष चार दिवसांवर आला होता. नागपूर-इंदूरचे यजमान यायचे होते. “चाकू मिळाला नाही तर यंदा घाटावर बसत नाही,” असं बाबा सकाळी म्हणाले, तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं. माघात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हात पूर्ववत झाला असं ते सगळ्यांना सांगायचे. आता घरी बसा, म्हणून मी तेव्हापासून त्यांच्या मागे लागले होते.

“पंडितजी, यह देखिए,” दुकानदार म्हणाला. “चाकू, कैंची, प्लास, पेचकस, सब एक में.”

“मला श्राद्ध करायचंय, पंखा नाही बसवायचा,” बाबा माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटले.

“अच्छा, पुराना वाला दिखाइए.”

बाबांनी जरा थांबून तो काढून दिला. दुकानदाराने पात्यावरच्या खाचेत नख घातलं आणि चाकू टकदिशी उघडला.

“इसमें तो कोई खराबी नहीं है, पंडितजी.”

बाबांचा उजवा हात हळूच कुडत्याच्या खिशात गेला. जाम झाला होता तो अंगठा. मी इतके महिने जे म्हणत होते, त्याचा पुरावा आयता समोर आला होता. आता मी एक वाक्य बोलले असते, तर बाबा त्या दिवसापासून घरी बसले असते.

मी चाकू घेतला, मिटला, खाचेत नख घातलं आणि दातओठ खाऊन ओढल्यासारखं केलं.

“नहीं भैया, मुझसे भी नहीं खुल रहा. आपका हाथ मज़बूत है. कोई सीधा वाला दिखाइए, जो खोलना ही न पड़े.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. खालच्या खणातून त्याने चामड्याच्या म्यानातला एक छोटा सरळ चाकू काढला. बाबांनी तो म्यानातून ओढला, मुठीत धरला आणि काउंटरवरची सुतळी कापून पाहिली. मग पुन्हा एकदा कापली.

“हा चालेल, देवश्री,” ते म्हणाले आणि जुना चाकू माझ्या हातातून घेऊन त्यांनी खिशात टाकला.

गल्लीत वळल्यावर त्यांनी जुना चाकू माझ्यापुढे धरला.

“हा तुझ्याजवळ ठेव. पेरूला होईल.”

“जाम आहे ना, बाबा?”

“तुला उघडतो तो,” बाबा म्हणाले. “काल सायंकाळी भाजीच्या जुडीचा दोरा ह्यानेच कापलास की.”

पुढे एक सायकल आली म्हणून ते भिंतीकडे सरकले, मग चालू लागले. मी मागे राहिले. चाकू त्यांच्या खिशातल्या उबेने अजून कोमट होता.