नाव घेऊन मारलेली हाक

मारिविकने मनाशी ठरवून टाकलं होतं, शनिवारी बहीण सेबू बेटावरून येईल आणि लायकाला कायमची घेऊन जाईल. चार वर्षांची पोर सख्ख्या आईच्या हातचं खात नाही, कुशीत येत नाही, मग दोघींचेही हाल कशाला?

आठ महिन्यांपूर्वी तुफानात समुद्र घरात शिरला, तेव्हा मारिविकने लायकाला शेजारणीच्या छपरावर चढवलं आणि स्वतः वाहून गेली. दुसऱ्या दिवशी ती खरचटलेल्या अंगाने परत आली, तर पोरगी तिच्याकडे बघेना. कुठूनही निघताना लेकराला नाव घेऊन हाक मारायची, नाहीतर जीव तिथेच रेंगाळतो, हे त्यांच्या ताक्लोबान गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या गडबडीत लायकाला कुणी हाक मारली नाही, हेच मारिविकच्या डोक्यात बसलं. दोनदा त्या छपराखाली जाऊन, पोरीचा फ्रॉक हलवत, घसा बसेस्तोवर ती ओरडून आली. ढिम्म फरक नाही.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या नोएमी मॅडमकडे दर बुधवारी दोघींची फेरी सुरू झाली. चटईवर पत्र्याचं घर, पाण्याचा टब, बाहुल्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी पोरीला सरळ सांगितलं, की आईला पाण्याने नेलं ते तू पाहिलंस, फार घाबरलीस, इथे आपण त्याचाच खेळ खेळू. मारिविकचं डोकंच फिरलं. विसरायचं सोडून हे उकरून काढायचा पगार घेते का ही बाई? तरी ती गुमान येत राहिली.

लायकाचा खेळ ठरलेला. छोटी बाहुली छपरावर, मोठी टबात. मग छोटी घरी जायची आणि मोठी पाण्यातच राहायची.

बहीण यायच्या आधीच्या त्या शेवटच्या बुधवारी मॅडमनी विचारलं, "आई परत आली ना गं?"

लायकाने नाही म्हणून मान हलवली.

"मग ही कोण बसलीये?"

"ही आईसारखी दिसते," लायका म्हणाली. "आई अजून तिथेच आहे."

पोरगी खोटं कुठे बोलत होती? परत आल्यापासून मारिविक रांधत होती, धुणं धूत होती, पण हसली नव्हती की रडली नव्हती. आणि तिला तरी कुणी हाक मारली होती? एवढ्या मोठ्या बाईला कोण हाक मारतंय.

"मग तिला आणायचं कसं?" मॅडमनी विचारलं.

लायकाने टबातून मोठी बाहुली काढली, फ्रॉकला पुसली, दारात नेली आणि समुद्राकडे तोंड करून आईच्याच सुरात म्हणाली, "मारिविक, चल. घरी जायचं."

मग वळून बघत उभी राहिली. हाकेला ओ द्यायची असते. मारिविकला आठ महिन्यांचं रडू एकदम फुटलं.

"आले," ती कशीबशी म्हणाली. "आले गं बाई."

बहिणीला येऊ नकोस म्हणून फोन करायचा होता. पण एक हात लायकाने घट्ट धरलेला आणि दुसऱ्यात ओली बाहुली. घरी पोचल्यावर करू, मारिविक मनाशी म्हणाली.