अकरा खोकी भुतं

भाचरांनी मामाचं नाव भूतमामा ठेवलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. नोकरी वीजमीटर वाचण्याची. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे टिपायचे आणि घरी आलं की भयकथांची मासिकं घेऊन बसायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. मासिकंही दुकानात मिळणारी गुळगुळीत नव्हेत. हौशी माणसांनी घरच्या गॅरेजात, नाहीतर साहेबाचा डोळा चुकवून कचेरीच्या सायक्लोस्टाइलवर छापलेली. शंभर-दीडशे प्रती, मधोमध दोन पिना. चार अंक निघायचे आणि मासिकच गतप्राण व्हायचं.

मामा गेला आणि महिन्याभरात मामीने भाचीला बोलावून घेतलं.

"तुझ्या मामाने जन्मभर भुतं पोसली. आता मी एकटीने त्यांच्यात राहू? उद्या रद्दीवाला येतोय."

"त्याला नको म्हणून सांग," भाची म्हणाली. "मी आजच नेते."

भाचीचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणे, चेनी बदलणे, कोटांची अस्तरं. बेतायच्या टेबलाखाली अकरा खोकी कशीबशी कोंबली आणि रोज थोडी थोडी यादी केली. चारशे बारा अंक. दोन मोठ्या ग्रंथालयांत फोन करून विचारलं, तर त्यातली बहुतेक नावंही त्यांनी ऐकलेली नव्हती. म्हणजे हे सगळं आता फक्त इथेच आहे, आपल्या टेबलाखाली! तिने ठरवूनच टाकलं: एकेका पानाचा फोटो काढायचा आणि कुणालाही वाचता येईल असं इंटरनेटवर ठेवायचं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी शटर वर केलं तर पाणी थेट चपलेवर आलं. वरच्या सलूनचा नळ रविवारभर फुटलेला. सात खोकी चिंब. ती पायरीवर बसून पोटभर रडली. मग नाक पुसलं आणि आधी फोन केलेल्या एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"उन्हात घालू नका, पानं सोडवायला जाऊ नका," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांत बुरशी धरेल. आहेत तशी गोठवा. एकदा गोठली की घाई संपली, मग सवडीने थोडी थोडी वाळवा."

"केवढा फ्रीज लागेल?"

"माणूस मावेल एवढा."

रस्त्याच्या टोकाला आइस्क्रीमचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचे जाड कोट भाचीकडेच दुरुस्तीला यायचे. तिने गोदामाचा मॅनेजर गाठला.

"अहो ताई, इथे खायची वस्तू असते. ओली रद्दी ठेवली तर तपासणीवाले माझंच भूत करतील!"

"तुमच्या कोटांच्या चेनी कोण बसवतं?"

"धमकी देताय?"

"छे, आठवण करून देतेय."

मॅनेजर हसला. मागच्या अंगणात एक जुना फ्रीजर पडून होता. चालायचा, पण दाराचं रबर गेलेलं. भाचीने फटीत जाड अस्तर ठासलं, दोन रुंद पट्टे शिवले आणि दार करकचून आवळलं. दुपारपर्यंत दोनशे साठ अंक पिशव्यांत बंद होऊन आत गेले.

पुढचे चार महिने तिने जे काम केलं त्याला तोड नाही. दर आठवड्याला पंधरा अंक बाहेर काढायचे. पानापानात टिपकागद, वर वजन, बाजूला पंखा. गंजलेल्या पिना टाके उसवायच्या सुरीने अलगद काढायच्या आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने अंक पुन्हा शिवायचा. एकोणीस अंकांची शाई पार वाहून गेली. त्यांच्यापुढे तिने वहीत 'गेले' असं लिहिलं आणि पुढचा अंक हातात घेतला. मामी टिपकागद बदलायला म्हणून यायला लागली आणि एक दिवस वाचत उभी राहिली ती राहिलीच. "कुणा मेल्याने लिहिलंय हे? आता शेवट कळल्याशिवाय मला घास उतरायचा नाही."

विचारल्याशिवाय कुणाची गोष्ट सर्वांपुढे ठेवायची नाही, हा भाचीचा नियम. जुन्या पत्त्यांवर पत्रं टाकली. बरीचशी परत आली. एका पत्राला मात्र माणूसच उत्तर होऊन आलं. काठी टेकत एक म्हातारी बाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पुरुषाच्या टोपणनावाने त्यांनी एकच गोष्ट लिहिली होती: मेलेली मुलगी रोज संध्याकाळी येते आणि आईकडे राहिलेली गणितं मागते.

"ती जाळून टाका," शिक्षिका म्हणाल्या. "माझी मुलगी गेली त्या वर्षी लिहिलीय. आमच्या ह्यांनी वाचली आणि ओळखली. मरेपर्यंत माझ्याशी त्या मुलीबद्दल बोलले नाहीत."

अंकातल्या बाकीच्या गोष्टींचे फोटो झाले होते, ही तेवढी राहिली होती. भाचीने अंक कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"ही एकच प्रत उरलीय. मी जाळणार नाही. गोष्ट तुमची आहे, तुम्ही ठरवा."

त्या गेल्यावर मामीने कपाळाला हात लावला. "एवढी मरमर केलीस आणि देऊन टाकलीस?"

"गोष्ट मामाची असती तर नसती दिली," भाची म्हणाली. पण त्या दिवशी एक टाका तिला सरळ घालता आला नाही.

नऊ दिवसांनी शिक्षिका परत आल्या. अंक उघडून त्यांनी टेबलावर ठेवला. एका ओळीवर पेन्सिलची बारीक खूण होती.

"इथे छापलंय, 'मुलगी हसली'. मी लिहिलं होतं, 'मुलगी बसली'. ती हसत नाही हो. नुसती येऊन बसते. इतकी वर्षं ती चूक मला बोचतेय."

"मग काय करू?"

"दुरुस्त करून ठेवा सगळ्यांसमोर. आणि खाली माझं खरं नाव घाला."

भाचीचे डोळे भरून आले, पण तिने आधी दिव्याखाली पान सपाट केलं आणि फोटो घेतला. तोवर शिक्षिकांनी पत्राला उत्तर न आलेल्या लेखकांची यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि एका टोपणनावावर बोट ठेवलं.

"हा आमच्या शाळेत भूगोल शिकवायचा. अजून ठणठणीत आहे, पत्रांना उत्तर देत नाही एवढंच. चला, उठा. आत्ता घरीच सापडेल."